रुमालाखालचा आकडा

हाळीच्या बाजारात आबांचा हात
रुमालाखाली मैनुद्दीन हेड्याच्या हातात असायचा.
वर चेहरे कोरडे, खाली बोटं बोलायची.
दोन बोटं दाबली की दोन, अख्खी मूठ म्हणजे पाच;
शेकडे की हजार, ते बैलाकडं बघून कळायचं.
भोवती पन्नास माणसं. भाव दोघांनाच.

मी म्हणलं, आबा, आता रुमाल लागत नाही.
आकडा उघड्यावर मांडायचा, पारावर, भिंतीवर,
ज्याला हवा त्यानं वाचावा,
तरी व्यवहार दोघांतच राहतो.
आबांनी पान थुंकलं.
"येड्यागत बोलू नको, अनुशे."

म्हणून विचारलं, त्र्याऐंशी गुणिले सत्त्याण्णव?
त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत.
शंभर त्र्याऐंशी आठ हजार तीनशे,
त्यातून तीन त्र्याऐंशी, दोनशे एकोणपन्नास, काढले,
आठ हजार एक्कावन्न.
बशीतला चहा गार होऊ दिला नाही.

आता उलटं. सहा हजार पाचशे सत्तावन्न.
कोणत्या दोघांचा?

कडब्याची काडी घेऊन त्यांनी मातीत मांडलं.
सातानं पाच उरले. अकरानं एक.
तेरानं पुन्हा पाच.
एकोणिसानं दोन, तेविसानंही दोनच,
एकोणतिसानं तीन,
आणि तिसावर पाढे संपले,
गुरुजींच्या छडीनं दिलेले तेवढेच.
"फुडं?"
पुढं वाट नाही आबा, नुसतं चालायचं.
हा तर चार अंकी. बँकेचा सहाशे अंकी असतो.
जोडायला पापणी लवायचा वेळ,
फोडायला जगातली सगळी यंत्रं एका दावणीला जुंपली
तरी नातवंडांच्या नातवंडांना उत्तर मिळायचं नाही.

"कुणालाच येत न्हाई, हे कुणी सांगितलं?"

कुणी नाही. सिद्ध झालेलं नाही.
एवढी हुशार माणसं आजवर हरली, तेवढाच पुरावा.

आबा हसले, त्या दिवशी पहिल्यांदा.
"ज्याला येत आसंल त्यो गप बसला आसंल.
भाव कळलेला माणूस वरडतो व्हय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. विद्यापीठातही नाही.

मी विषय बदलला. सांगितलं,
नव्या जातीची यंत्रं येऊ घातलीत,
त्यांना असले आकडे फोडता येतील कदाचित,
म्हणून आता खुंट्यांचं कोडं निघालंय.
बाजार उठल्यावर माळावर राहतात तशा खुंट्या,
ओळीनं, ठरल्या अंतरानं, कुठंच न संपणाऱ्या.
मधेच एक लाल कंधारी वासरू, दावं तोडून उभं.
त्याला सगळ्यांत जवळची खुंटी कोणती?

"दिसतीच की."

दिसते, कारण माळाला दोनच दिशा,
एक उदगीरकडची, एक तिला आडवी.
पाचशे असत्या तर?
आणि ओळी एकमेकींवर कलंडलेल्या?

आबा माळाकडं बघत राहिले.
मला वाटतं, पाच-सहा दिशा त्यांनी
खरंच मोजून पाहिल्या.
मग फोन काढून मैनुद्दीनचे राहिलेले पैसे पाठवले,
पिन दाबताना हातावर रुमाल टाकून.

मी नांदेडला परतले.
परवा रात्री साडेदहाला त्यांचा फोन. हॅलो नाही, खुशाली नाही.
"त्र्याऐंशी."
आबा, पाढे तर तिसावर संपले होते.
"पाढे कशाला लागत्यात? आकड्याकडं न्हाई बघितलं,
तुझ्याकडं बघितलं.
आळशी हेडी तेच जनावर दोनदा आणतो,
दुसऱ्या खेपेला शिंगं रंगवून.
पहिल्या जोडीतला दुसऱ्या जोडीत घालून बघितला.
बसला. जोडीदार एकोणऐंशी."

वही उघडली. खरंच, दोन्हीकडं त्र्याऐंशी,
माझ्याच अक्षरात.

पलीकडं गोठ्यात घंटा हलली, कुणीतरी पाणी मागितलं.
"आता मोठा दे," आबा म्हणाले,
"आन् जनावरं नवी आण."